अळीला विष कां बाधत नाहीं?

संस्कृत वाङ्मयांत विषकन्येची एक जुनी कल्पना आहे. लहानपणापासून कणाकणानें विष चारून वाढविलेली ती मुलगी स्वतः विषानें मरत नाहीं. तिच्या सहवासांत येणारा मनुष्य मात्र मरतो. मुद्राराक्षसांत राक्षसानें चंद्रगुप्तासाठीं योजिलेली विषकन्या चाणक्यानें पर्वतकाकडे वळविली, हा कथाभाग ज्यांना आठवत असेल त्यांना ही कल्पना नवी नाहीं. अफूबाज मनुष्य गुंजभर अफूनें आरंभ करून कोठवर जाऊन पोंचतो, हें तर पुष्कळांनीं प्रत्यक्ष पाहिलेलें असतें. तेव्हां एकेकाळीं हमखास गुण देणारें औषध शेतावर लागू पडेनासें झालें, म्हणजे "अळीला आतां त्याची संवय झाली" असें शेतकरी म्हणतो, यांत नवल नाहीं. स्पष्टीकरण सोपें आहे, अनुभवाला धरूनहि वाटतें. तें खरें नाहीं, एवढीच अडचण आहे.

अळीला संवय होत नाहीं. संवय होण्याइतका अवकाश तिला आहेच कोठें? गुलाबी बोंडअळीचें सारें आयुष्य, अंड्यापासून पतंगापर्यंत, अनुकूल हवेंत महिना-सव्वा महिन्यांत संपतें. जी अळी विषानें मरावयाची ती पहिल्या घांसालाच मरते. जी वांचते ती जन्मतःच वांचण्याजोगी असते. बदलतो तो एकेक कीटक नव्हे. बदलतो तो कीटकांचा समुदाय. हा भेद वरवर पाहतां शब्दच्छल वाटेल. परंतु औषध अधिक मारावें कीं कमी, सगळ्या शेतांत मारावें कीं थोडें शेत सोडून द्यावें, या व्यवहारांतल्या प्रश्नांचीं उत्तरें या एका भेदावर उलटीं-सुलटीं होतात. आणि त्या उत्तरांत शेतकऱ्याचा पैसा व प्रसंगीं त्याचा प्राणहि गुंतलेला असतो.

एका शेतांतील साऱ्या अळ्या मनुष्याच्या नजरेला सारख्याच दिसतात. मेंढपाळाला मात्र आपल्या कळपांतील प्रत्येक मेंढी निराळी ओळखूं येते. शास्त्रज्ञांची दृष्टि अळ्यांच्या बाबतींत मेंढपाळाची आहे. प्रत्येक प्राण्याच्या पेशींत त्याच्या शरीररचनेचा एक आराखडा साठविलेला असतो. त्या आराखड्यांतील एकेक कलम म्हणजे एकेक जनुक. प्रत्येक कलमाच्या दोन नकला असतात, एक आईकडून आलेली व दुसरी बापाकडून. नकलनवीस कितीहि जपून लिहीत असला तरी हजारों पानांत एखादा काना, एखादी वेलांटी चुकावयाचीच. अशा बहुतेक चुकांनीं कांहींच बिघडत नाहीं, कांहींनीं नुकसान होतें, आणि एखादी चूक अशी असते कीं ती आज निरुपयोगी असली तरी उद्यां, परिस्थिति पालटल्यावर, प्राण वांचविते. ज्या समुदायांत अशा निरनिराळ्या नकला पुष्कळ, त्याचें आनुवंशिक वैविध्य मोठें. कीटकांची संख्या अफाट, पिढ्या वर्षाला अनेक, आणि एकेका मादीचीं अंडीं शेंकड्यांनीं मोजावयाचीं. म्हणून त्यांच्या भांडारांत अशा चुकांना तोटा नसतो.

विष आल्यावर चूक घडते असें नव्हे. चूक आधींच असते आणि विष तिला निवडून काढतें. ही नुसती तर्काची गोष्ट नाहीं. ऑस्ट्रेलियांत मेंढ्यांच्या अंगावर अंडीं घालणारी एक माशी आहे. मॅलॅथिऑन नांवाच्या विषाला दाद न देणाऱ्या त्या माश्यांत जनुकाची कोणती चूक असते, हें पुढें शोधून काढण्यांत आलें. मग संशोधकांनीं संग्रहालयांत टांचणीला टोंचून ठेवलेल्या जुन्या माश्या काढल्या. त्या जातीचीं विषें प्रचारांत येण्यापूर्वीं, म्हणजे १९५० च्या आधीं, पकडलेल्या. त्या वाळलेल्या माश्यांच्या जनुकांतहि तीच चूक कांहीं ठिकाणीं सांपडली. विष नव्हतें तेव्हां त्याचा उतारा माशीच्या अंगांत होता. मात्र डायाझिनॉन या दुसऱ्या विषाला उपयोगी पडणारी चूक त्या जुन्या माश्यांत मिळाली नाहीं. २००६ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. प्रत्येक उतारा आधींपासून तयार असतोच असें नाहीं, हेंहि त्यावरून ध्यानांत घ्यावयास हवें.

या विषयाची पहिली जाहीर वाच्यता १९१४ सालची. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानांत मेलँडर नांवाचे कीटकशास्त्रज्ञ होते. सफरचंदाच्या झाडांवरील सॅन होजे नांवाच्या खवलेकिडीवर तिकडे चुना व गंधक यांचा काढा फवारीत. कित्येक बागांत तो काढा उत्तम लागू पडे. क्लार्कस्टन गांवच्या बागांत मात्र कीड जगून राही. काढा कच्चा असावा, फवारणारा आळशी असावा, अशा शंका लोकांनीं घेतल्याच. मेलँडर यांनीं मेलेल्या व वांचलेल्या किडी मोजल्या, आणि कीटक फवाऱ्यांना दाद न देणारे होऊं शकतात काय, असा प्रश्नच आपल्या निबंधाला मथळा म्हणून दिला. त्या प्रश्नाकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १९३९ सालीं स्वित्झर्लंडमध्यें पॉल म्युलर यांना डी. डी. टी. च्या कीटकनाशक गुणाचा शोध लागला आणि १९४८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पण स्वीडन व इटली येथील घरमाश्या तत्पूर्वींच, १९४६-४७ च्या सुमारास, डी. डी. टी. ला भीक घालीनाशा झाल्या होत्या! १९५३ सालीं जावा बेटांत कोबीवरील चौकटी ठिपक्याच्या पतंगानें तोच प्रकार केला. हिंदुस्थानांत हा मान मिळाला शिंगाड्याच्या पानांवर जगणाऱ्या एका लहानशा भुंग्याला. १९६३ सालीं त्याच्यावर डी. डी. टी. व बी. एच. सी. हीं दोन्ही औषधें निष्फळ ठरल्याचें नमूद झालें आहे. आज अशा कीटकांची व कोळ्यांची यादी सहाशेंहून अधिक जातींची झाली आहे.

विषावर मात करण्याचे कीटकांचे मार्ग अनेक आहेत. कांहीं कीटकांच्या मज्जातंतूंत विष ज्या ठिकाणीं जाऊन चिकटावयाचें त्या ठिकाणाचा आकारच किंचित् बदललेला असतो. किल्ली तीच, पण कुलूप निराळें. कांहींच्या शरीरांत विषाचे तुकडे करणारीं द्रव्यें अधिक तयार होतात. हिरवा मावा हें याचें चांगलें उदाहरण. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, या माव्यांत विष अडवून धरणारें द्रव्य बनविणाऱ्या एका जनुकाच्या कित्येक नकला एकापुढें एक झालेल्या असतात; अति चिवट माव्यांत तर त्यांची संख्या ८० पर्यंत जाते. मावा बहुधा नराशिवायच प्रजा वाढवितो, आई जशी तशीच लेक. त्यामुळें येथें वैविध्य थोडें. परंतु एकदां एका आईला हें घबाड सांपडलें कीं तिच्या लेकी, नाती, पणती तेंच घेऊन वाऱ्याबरोबर देशोदेशीं पसरतात.

याहून विलक्षण कथा घाटेअळीची आहे. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, टोमॅटो, ज्वारीचीं कणसें, कापसाचीं बोंडें, कांहींहि तिला वर्ज्य नाहीं; कापूस पिकविणारे तिला हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतात. १९८० च्या सुमारास पायरेथ्रॉइड जातीचीं नवीं औषधें आपल्या देशांत आलीं. थोड्या मात्रेंत मोठा गुण, म्हणून तीं भराभर खपलीं. १९८७ सालीं आंध्र प्रदेशांतील गुंटूर-प्रकाशम् भागांत फवाऱ्यांवर फवारे मारूनहि ही अळी मरेना. कापूस गेला, औषधाचें कर्ज मात्र राहिलें, आणि कित्येक शेतकऱ्यांनीं आत्महत्या केल्या. या अळीच्या अंगांतील एका युक्तीचा उलगडा पुढें २०१२ सालीं जर्मनींत येना येथील संशोधकांनीं ऑस्ट्रेलियांतील अळ्यांवरून केला. तिच्या आराखड्यांत शेजारीं शेजारीं असणारीं दोन जनुकें आहेत. वारसा पुढच्या पिढीस देतांना कधींतरी घडी चुकली, आणि एकाचें पूर्वार्ध व दुसऱ्याचें उत्तरार्ध जोडलें जाऊन तिसरेंच जनुक निर्माण झालें. मूळच्या दोघांना जें जमत नव्हतें तें या जोडजनुकाला जमलें. तें पायरेथ्रॉइड विष फोडून टाकतें. ही अळी ब्राझील देशांत पोंचल्याचें २०१३ सालीं उघडकीस आलें. तेथें मक्यावरची तिची एक चुलत जात पूर्वींपासून नांदत होती. दोघींचा संकर झाला, आणि जोडजनुक त्या स्थानिक जातींतहि शिरलें. शत्रूनें शेजाऱ्याकडून हत्यार उसनें घ्यावें, तसाच हा प्रकार!

पण महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्यास आज घाटेअळीपेक्षां जी अधिक छळते ती गुलाबी बोंडअळी. तिचा जन्मदाखला आपल्याकडचाच आहे. भडोच येथें कापसाची नासाडी करणाऱ्या किड्याच्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनीं १८४३ सालीं या जातीचें पहिलें वर्णन केलें. लहानगा करडा पतंग. फारसा दूरवर उडण्याची ख्याति नाहीं. तरीहि तो इजिप्तला गेला, १९११ सालीं मेक्सिकोंत व १९१७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत पोंचला. गेला तो पंखांनीं नव्हे, सरकींतून. ही अळी बोंडांत शिरून सरकी खाते, आणि पुष्कळदां दोन सरक्या एकमेकींस जोडून त्यांच्या पोटांत स्वस्थ झोंप घेते. एकदां अशी निजली कीं महिनोन् महिने ती अन्नावांचून राहते. वरून बोंड साजरें दिसतें. उमललें म्हणजे आंतला कापूस पिंवळा पडलेला, धागा तुटका, वेचणाऱ्या बाईच्या हातीं नुसती कवडी. अळी एकदां आंत गेली कीं बाहेरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोंचतच नाहीं.

म्हणून जेव्हां झाडाच्या पोटांतच विष घालण्याची युक्ति निघाली, तेव्हां ती या अळीसाठींच काढली असावी असें वाटलें. मातींत राहणारा एक सूक्ष्म जंतु आहे. १९०१ सालीं जपानांत रेशमाच्या किड्यांच्या रोगांत तो प्रथम इशिवाता यांना दिसला. पुढें जर्मनींत थुरिंजिया प्रांतांतील पिठाच्या पतंगांत बर्लिनर यांना सांपडला व त्या प्रांताचें नांव त्याला चिकटलें. हा जंतु जें प्रथिन तयार करतो तें मनुष्यास वा गुरांस अपाय करीत नाहीं. अळीच्या आंतड्याला मात्र छिद्रें पाडतें. त्याचें जनुक काढून कापसाच्या झाडांत बसविलें, तोच बी. टी. कापूस. भारतांत त्याला मार्च २००२ मध्यें परवानगी मिळाली. त्याआधींच २००१ सालीं गुजराथेंत बिगरपरवान्याचा बी. टी. कापूस उभा असलेला आढळला होता. २००६ सालीं एकाऐवजीं दोन विषांचा कापूस आला. थोड्याच वर्षांत देशांतील शेंकडा नव्वदांहून अधिक कापूस बी. टी. झाला. घाटेअळीवरचे फवारे कमी झाले, उत्पन्न वाढलें, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं. त्या काळचा शेतकऱ्याचा आनंद वेडगळ नव्हता.

आतां हें विष अळीला कसें लागतें व कसें लागेनासें होतें, तें पाहण्यासारखें आहे. पहिल्या विषाचें प्रथिन आंतड्याच्या आंतल्या भिंतीवरील एका विशिष्ट पदार्थाला चिकटतें. तो पदार्थ म्हणजे जणूं विषाला आंत घेणारा दरवाजा. तो पदार्थ बनविणारें जनुकच मोडकें असलें तर दरवाजा तयार होत नाहीं, विष बाहेरच राहतें. पण जनुकाच्या नकला दोन. एक मोडकी व एक धड असेल तर धड नकलेवरून दरवाजा होतोच, आणि अळी मरते. वांचण्यासाठीं आई आणि बाप या दोघांकडूनहि मोडकी नकल मिळाली पाहिजे.

येथें थोडें अंकगणित केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. एका पोत्यांत गोट्या आहेत; हजारांत ९९९ पांढऱ्या व एक काळी. न पाहतां दोन-दोन गोट्या काढावयाच्या. जोडींतली एक काळी निघण्याचा संभव सुमारें पांचशेंत एक. दोन्ही काळ्या निघण्याचा संभव दहा लाखांत एक. काळी गोटी म्हणजे मोडकी नकल. दहा लाखांत एक ही संख्या कागदावर नगण्य वाटते. परंतु महाराष्ट्रांत सुमारें ४० लक्ष हेक्टरांवर कापूस उभा असतो, आणि त्यांतील अळ्यांची गणति कोटींनींच करावयास हवी. तेव्हां दहा लाखांत एक म्हणजे पुष्कळच झाल्या. सगळें शेत बी. टी. असेल, तर बाकीच्या मरतात व या काळ्या जोड्याच तेवढ्या उरतात. उरलेल्यांचीं लग्नें उरलेल्यांशींच होतात; सर्व संतति काळी. पांढऱ्या गोट्यांचें पोतें कांहीं पिढ्यांत काळ्या गोट्यांचें होऊन बसतें.

याच्या उलट, शेजारीं थोडा बिनविषारी कापूस लावलेला असेल तर? त्यांत पांढऱ्या जोड्यांचे पतंग शेंकड्यांनीं निपजतात. बी. टी. शेतांतून वांचून आलेल्या एकट्या-दुकट्या काळ्या जोडीच्या पतंगाला सोयरीक मिळते ती बहुधा पांढऱ्याशीं. त्यांच्या मुलांत एक गोटी काळी व एक पांढरी, आणि तीं मुलें बी. टी. बोंडांत गेलीं कीं मरतात. त्या बिनविषारी ओळींना आश्रयपट्टा म्हणतात. कांहीं अळ्या मुद्दाम जगूं द्यावयाच्या, म्हणजे बाकीच्यांवर विष चालत राहतें! शत्रूला पोसण्याची ही कल्पना सामान्य मनुष्यास पटणें कठीण. पण तिच्याखालचें गणित बिनचूक आहे.

अमेरिकेंत अॅरिझोना संस्थानांत या गणिताचा पडताळा आला. १९९७ सालीं तेथील गुलाबी बोंडअळ्या तपासल्या तेव्हां शंभर नकलांत सुमारें १६ मोडक्या असाव्यात असा अंदाज निघाला. हा आंकडा छातींत धडकी भरविणारा होता. पण पुढें प्रतिकार वाढला नाहीं, उलट तें प्रमाण उतरलें. तेथील बहुतेक शेतकऱ्यांनीं आश्रयपट्टे खरोखरीच लावले होते. शिवाय मोडक्या दरवाजाची अळीला दुसरीकडे किंमत द्यावी लागते. अशा अळ्या थंडीच्या दीर्घ झोंपेंतून कमी प्रमाणांत उठतात, व कापसांतील गॉसिपॉल या नैसर्गिक कडवट द्रव्यानें त्यांना अधिक अपाय होतो. विष नसेल तेथें मोडकी नकल ओझेंच ठरते. २००६ पासून तेथें आणखी एक उपाय जोडला गेला. कारखान्यांत पतंग वाढवावयाचे, किरणांनीं त्यांना वांझ करावयाचें आणि विमानांतून शेतांवर सोडावयाचें. रानांतील पतंगांचीं लग्नें या वांझ पतंगांशीं लागून वंश खुंटतो. सापळ्यांत सांपडलेला पतंग कारखान्यांतला कीं रानांतला हें ओळखतां यावें म्हणून अळ्यांना खाद्यांतून तांबडा रंग चारीत. असे कोट्यवधि पतंग सोडले. टेक्सासांत प्रथम सांपडल्याला १०१ वर्षें झालीं तेव्हां, म्हणजे २०१८ सालीं, अमेरिकेच्या कापसांतून ही अळी नष्ट झाल्याचें सरकारनें जाहीर केलें.

भारतांत काय झालें? नियम येथेंहि होता. बी. टी. कापसाभोंवतीं शेंकडा २० क्षेत्र किंवा पांच ओळी, यांपैकीं जें अधिक भरेल तितका साधा कापूस लावावा. आणि त्यासाठीं बियाण्याच्या मुख्य पिशवीबरोबर १२० ग्रॅमची लहान पिशवी दिली जाई. ती पिशवी बहुतेक बांधावरच राहिली. शेतकऱ्याला दोष देणें सोपें आहे. चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या मनुष्यानें पांचव्या हिश्शाची जमीन अळ्यांना आंदण द्यावी, असें सांगण्यापूर्वीं त्याला कारण समजावून सांगणारें कोणी त्याच्या बांधापर्यंत गेलें होतें काय? लहान पिशवींतील बियाणें चांगलें नसतें अशीहि सार्वत्रिक तक्रार होती. पुढें साधें बी मुख्य पिशवींतच मिसळून देण्याची पद्धति काढण्यांत आली. पण तोंवर बैल गेला आणि झोंपा केला अशी गत झाली होती. २०१० सालीं अमरेली, भावनगर, जुनागड व राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या विषाला जुमानीत नाहीं हें जाहीर झालें. २०१५ च्या सुमारास गुजराथेंत दुहेरी विषाचा कापूसहि तिनें पोखरला, आणि २०१७ सालीं विदर्भ-मराठवाड्यांत हाहाःकार उडाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं दोन्ही विषांविरुद्धचा हा प्रतिकार मोजून प्रसिद्ध केला आहे.

त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत डोक्यापर्यंत वाढलेल्या कपाशींत फवारणी करतांना विषबाधा होऊन निदान २० माणसें दगावलीं, आणि शेंकडों दवाखान्यांत पडलीं. अंगावर ना झगा, ना हातमोजे, एका टाकींत दोन-तीन औषधांचें मिश्रण, वर सप्टेंबरांतला उकाडा. औषधाला कीड दाद देत नाहींशी झाली म्हणजे मनुष्य मात्रा वाढवितो, फवारे वाढवितो. आणि मग विष ज्याला बाधावयाचें त्याला न बाधतां भलत्यालाच बाधतें. विषकन्येच्या कथेंतहि विष पोंचलें तें भलत्याच मनुष्याला.

आनुवंशिक वैविध्याच्या दृष्टीनें आपल्याकडच्या अळ्यांनीं शास्त्रज्ञांना चकित केलें. अॅरिझोनांतल्या अळ्यांत दरवाजाचें जनुक तीन प्रकारांनीं मोडलेलें सांपडलें होतें. भारतांतील शेतांमधून गोळा केलेल्या अळ्यांत पूर्वीं कोठेंहि न आढळलेले आठ प्रकार मिळाले. २०१४ सालीं तें प्रसिद्ध झालें. मोडणें एकच, पण मोडण्याच्या जागा निरनिराळ्या. याचा अर्थ असा कीं, माव्याप्रमाणें येथें एखाद्याच आईची संतति सर्वत्र पसरली नाहीं. हा प्रतिकार पुनःपुन्हां, स्वतंत्रपणें उद्भवला. एका गांवची वाट अडवून असा चोर पकडतां येत नाहीं, कारण त्याचा जन्म प्रत्येक गांवांत होऊं शकतो.

असें येथेंच इतकें झपाट्यानें कां व्हावें, याविषयीं जाणकारांत एकमत नाहीं. एक कारण पिकाचा काळ. अमेरिकेंतील कापूस लवकर आटोपतो, आणि मागाहून पऱ्हाटी मोडून टाकावी लागते. आपल्याकडील संकरित कापूस सहा-सात महिने शेतांत उभा असतो, व पाण्याची सोय असली कीं फरदड म्हणून मार्चापर्यंतहि ठेवतात. अळीला तेवढ्या पिढ्या अधिक, आणि प्रत्येक पिढी म्हणजे निवडीचा एक नवा फेरा. दुसरें कारण संकरित बियाण्याचें आहे, व तें मोठें कुतूहलाचें आहे. संकरित झाडांत विषाच्या प्रत्येक जनुकाची एकच नकल असते. त्यामुळें त्याच्या बोंडांतील सरक्यांत वांटणी होते: सोळा सरक्यांत सरासरीनें नऊंमध्यें दोन्ही विषें, तिहींत फक्त पहिलें, तिहींत फक्त दुसरें, आणि एकींत कांहींच नाहीं. गुलाबी अळी तर सरकीच खाणारी. दोन पहारेकरी एकत्र गांठण्याऐवजीं तिला ते एकेकटे गांठतां आले, असें कांहीं शास्त्रज्ञांचें म्हणणें आहे. चीनमध्यें मात्र याच वांटणीचा फायदा झाला. यांगत्से नदीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं संकरित कापसाचें दुसऱ्या पिढीचें स्वस्त बी पेरलें, तेव्हां चारांतलें एक झाड बिनविषारी निघालें. शेतभर आपोआप आश्रयपट्टा पसरला, आणि २०१० नंतर तेथील गुलाबी अळींतील प्रतिकार वाढण्याऐवजीं घटला. ही दुर्मिळ घटना २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. काटकसरीपोटीं जें घडलें तें नियमाला साधलें नव्हतें!

घाटेअळी कापसांतील दुहेरी विषाला अजून पुष्कळशी बळी पडते, याचें कारणहि येथेंच आहे. तिला हरभरा आहे, तूर आहे, टोमॅटो आहे. त्या पिकांत बी. टी. नाहीं. तिच्यासाठीं साऱ्या देशांत न सांगतां आश्रयपट्टे उभे आहेत. गुलाबी अळीला कापसाखेरीज विशेष कांहीं चालत नाहीं. सगळा कापूस विषारी झाल्यावर तिच्यांतील पांढऱ्या गोट्यांना थारा उरला नाहीं.

आतां उपाय उरले ते जुन्या धर्तीचे, कष्टाचे आणि साऱ्या गांवानें मिळून करावयाचे. कमी मुदतीचें वाण वेळेवर लावणें, कपाशीला फुलें लागतांच न उमललेल्या डोमकळ्या हातानें तोडून आंतल्या अळीसह चिरडणें, कामगंध सापळ्यांत किती पतंग पडतात तें मोजूनच फवारा मारावयाचा कीं नाहीं तें ठरविणें, डिसेंबराअखेर पीक आटोपून फरदड न घेणें, आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून न ठेवणें. मादीच्या गंधाची दोरी झाडांना बांधून नराची दिशाभूल करण्याचे प्रयोगहि चालू आहेत. एकट्यानें सारें केलें आणि शेजाऱ्याची फरदड उभी राहिली तर पुढल्या आषाढ-श्रावणांत पतंग बांध ओलांडून येतातच. जिनिंगच्या आवारांत पडलेल्या सरकींत जोडसरकीच्या पोटीं अळ्या निजलेल्या असतात. म्हणून तेथेंहि सापळे लावावे लागतात, आणि शेतांत कापसाचें पानहि नसतें अशा मार्च-एप्रिलांतसुद्धां त्यांत पतंग पडत राहतात.